पशुवैद्यकीय शिक्षण सुधारायचं तर सुरुवात गोठ्यापासून करा

प्रश्न : मी एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात नुकताच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो आहे. आपल्यासारख्या विकसनशील देशात पैसा कमी आणि जनावरं जास्त. अशा ठिकाणी पशुवैद्यकीय शिक्षण सुधारायचं तर सुरुवात कुठून करावी? अभ्यासक्रम बदलून, नवी उपकरणं आणून, की आणखी महाविद्यालयं काढून?

उत्तर :

डॉक्टर, या तिन्हींपैकी कशानंही सुरुवात करू नका. तिन्हींची गरज आहे, पण त्यांचा नंबर नंतरचा. पहिलं काम एवढंच की, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं आजारी, गाभण, माजावर आलेली, अडलेली आणि मेलेली जनावरं स्वतःच्या हातानं भरपूर हाताळलेली असावीत, आणि ते काम त्यांना जमतं का, हे कुणीतरी शेजारी उभं राहून पाहिलेलं असावं. बाकीची रचना याच्याभोवती करायची. मी नोकरीचा मोठा काळ तालुक्याच्या दवाखान्यात काढला, पुढे चिकित्सालयात शिकवलं, परीक्षक म्हणूनही फिरलो. तिन्ही ठिकाणांहून मला हीच उणीव सगळ्यात मोठी दिसली.

कागदावर आपण मागे नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. आज इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ साली पुण्यात एका प्रयोगशाळेपासून झाली. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. परिषदेच्या २०१६ च्या नियमांनी पदवी साडेपाच वर्षांची केली : साडेचार वर्षं शिक्षण आणि पूर्ण एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). पदवीधराला कामाच्या पहिल्या दिवशी काय काय आलं पाहिजे, याची यादी जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१२ सालीच दिली आहे. आपला अभ्यासक्रम त्या यादीपासून फार दूर नाही. म्हणून पुन्हा एक समिती, पुन्हा नवा अभ्यासक्रम, पुन्हा विषयांची नावं बदलणं यात पाच वर्षं घालवू नयेत असं मला वाटतं. जे लिहिलेलं आहे ते प्रत्यक्षात होत नाही, दुखणं तिथं आहे.

गाभ तपासणीचं उदाहरण घ्या. साठ-सत्तर मुलांची तुकडी असते, खोड्यात एक किंवा दोन गायी. सर समजावून सांगतात, पुढे उभी असलेली पाच-सहा मुलं हात घालतात, बाकीची वहीत आकृती काढतात. हात घातलेल्या मुलांनासुद्धा शेण, आतड्याची लाट आणि हाताला बसणारी कळ यापलीकडे फारसं काही कळत नाही. तो त्यांचा दोष नव्हे. गुदाशयातून गर्भाशय चाचपणं ही हाताची भाषा आहे, आणि ती ऐकून येत नाही. आधी ओटीपोटाच्या कडेवर गर्भाशयाचं मुख सापडायला हवं. ते कठीण, दंडगोल लागतं. तिथून पुढे दोन्ही शिंगं हातात घ्यायची. पस्तीस-चाळीस दिवसांच्या गाभात एक शिंग किंचित भरलेलं लागतं, आणि चिमटीत हलकेच धरून सोडलं की आतला पडदा आधी निसटतो, भिंत मागून. हा अनुभव एकदा बोटांना आला की जन्मभर विसरत नाही. पण तो पहिल्यांदा येण्याआधी शेकडो वेळा हात घालावा लागतो. माझ्या अंदाजानं दोनशे तपासण्या होईपर्यंत मुलाचं 'गाभण' किंवा 'रिकामी' हे उत्तर धरून चालू नये.

धरून चाललं तर काय होतं, तेही पाहिलं आहे. रिकामी समजून गायीला माजावर आणण्याचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं जातं. गाय दोन-अडीच महिन्यांची गाभण असते. चार-पाच दिवसांत गर्भ पडतो. शेतकऱ्याचं एक वेत गेलं, जार (वार) अडकली, गर्भाशयाला संसर्ग झाला, आणि ती गाय पुढे वर्षभर उलटत राहिली, म्हणजे रेतन करूनही गाभ धरेना. दोन-तीन गायींवर संसार चालवणाऱ्या घराला हा फटका किती मोठा असतो हे तुम्हाला सांगायला नको. आपण ज्याला 'प्रात्यक्षिकाचे तास कमी पडले' म्हणतो, त्याची किंमत अशी दुसऱ्याच कुणाच्या तरी दावणीला चुकती होते.

आता महाविद्यालयाच्या त्याच दोन गायींवर सत्तर मुलांचे हात घालणंही बरोबर नाही. गुदाशयाला इजा होते आणि जनावराचे हाल होतात. म्हणून पहिल्या पायरीला नमुने वापरावेत. परदेशी बनावटीची तपासणीची कृत्रिम गाय महाग असते, पण तिची वाट बघत बसायचं कारण नाही. लोखंडी सांगाडा, जाड रबरी पत्रा आणि सिलिकॉनमध्ये ओतलेली वेगवेगळ्या महिन्यांची गर्भाशयं एवढ्यावर काम भागतं. शरीररचना विभाग आणि गावातला एखादा चांगला वेल्डर मिळून हे करू शकतात. म्हशीची गर्भाशयं कत्तलखान्यातून मिळू शकतात. गायीची मात्र महाराष्ट्रात तशी मिळत नाहीत. गोवंश हत्याबंदी आहे, आणि २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू आहे. त्यामुळे शवविच्छेदनाला आलेल्या प्रत्येक गायीचं प्रजननसंस्थेचं सगळं अंग जपून ठेवण्याची शिस्त विभागानं लावून घ्यायला हवी. मुलगा आधी टेबलावर डोळे उघडे ठेवून चाचपेल, मग पडद्याआड हात घालून चाचपेल, आणि मगच जिवंत गायीकडे जाईल. या क्रमानं गेलेली मुलं फार लवकर तयार होतात.

पण खरी शाळा गावात आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन आहे. महाराष्ट्रातच सव्वातीन कोटींहून अधिक. एवढी जनावरं भोवती असताना आपली मुलं 'केस मिळत नाहीत' म्हणतात, हे मला सहन होत नाही. केस महाविद्यालयाच्या फाटकातून आत येत नाहीत हे खरं. दुभती म्हैस टेम्पोत घालून पंचवीस किलोमीटर कोण आणेल? येतात ती कुत्री-मांजरं आणि हात टेकलेली, शेवटच्या घटका मोजणारी जनावरं. म्हणून महाविद्यालयानंच बाहेर पडायचं. प्रत्येक महाविद्यालयानं आसपासची वीस-पंचवीस गावं कायमची आपली मानावीत. आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेलं गाव. गाडीत एक शिक्षक आणि सहा ते आठ विद्यार्थी, त्याहून जास्त नकोत. शिबिरांवर माझा भरवसा नाही. शिबिरात मंडप असतो, पाहुणे असतात, तीनशे जनावरांना जंताचं औषध पाजलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतल्या एकाही जनावराचं काय झालं ते कुणाला ठाऊक नसतं. शिकणं होतं ते दुसऱ्यांदा गेल्यावर. आपण दिलेल्या औषधानं गाय बरी झाली की नाही, हे पाहायला मिळणं हेच शिक्षणाचं अर्धं काम आहे.

तिसऱ्या वर्षापासून दोन-दोन मुलांच्या जोडीला आठ-दहा गोठे वर्षभरासाठी नेमून द्यावेत. त्यांनी त्या गोठ्यांची वही ठेवायची : कुठली गाय कधी व्यायली, पहिला माज कधी दिसला, रेतन कधी झालं, किती वेळा उलटली, दूध किती, चारा कुठला. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. तीन माज हुकले की दोन महिने नुसता चारा घालायचा. हा हिशेब पुस्तकात एका ओळीत येतो. गोठ्यात तो मालकाच्या तोंडून ऐकला की मुलगा आयुष्यभर माज ओळखण्याबद्दल बोलत राहतो. कासदाहाचंही तसंच. सड सुजून दूध फाटायला लागल्यावर सगळ्यांनाच दिसतं. नुकसान करतो तो न दिसणारा कासदाह. त्यासाठी चार वाट्यांची पट्टी आणि चाचणीचं द्रावण पुरतं. तेही नसेल तर धुण्याच्या पावडरचं तीन टक्क्यांचं द्रावण समप्रमाणात दुधात घालून पट्टी फिरवली की रोगट सडाचं दूध जेलीसारखं घट्ट होतं. पाकिस्तानात फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी ही पद्धत गरीब गोठ्यांसाठी बसवली. एका विकसनशील देशानं दुसऱ्याकडून घ्यायचं ते असं. आपण मात्र बहुतेक वेळा अमेरिकी पाठ्यपुस्तकातल्या पाचशे गायींच्या गोठ्याचं व्यवस्थापन शिकवत राहतो.

गोठ्यात गेल्यावर मुलांना आणखी एक गोष्ट शिकवा, कारण ती कुठल्याच पेपरात नाही. डॉक्टर आले की पुढे येऊन बोलतो तो घरातला कर्ता पुरुष. पण धार काढते, शेण काढते, वैरण घालते ती बहुतेक घरांत बाई. गाय कालपासून सुस्त आहे की तीन दिवसांपासून, पाणी कधीपासून कमी झालं, सोट (माजाचा चिकट स्राव) कसा होता, वासरू पाजताना गाय लाथ मारते का, हे तिलाच माहीत असतं. ती चुलीजवळ किंवा दाराआड उभी असते, आणि तिला कुणी विचारत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की, 'धार कोण काढतं?' हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या माणसाला विचारायचे. मामी, आजी, काकू म्हणून नीट बोललं की दहा मिनिटांत निम्मं निदान होतं. आता आपल्या वर्गांत मुली मोठ्या संख्येनं आहेत. या बाबतीत त्या मुलांपेक्षा लवकर पुढे जातात, हा माझा अनुभव आहे.

प्रयोगशाळेबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नवी उपकरणं हा तुमचा दुसरा पर्याय होता. महागडं यंत्र येतं, दोन वर्षांत रसायनं संपतात, दुरुस्तीचा करार संपतो आणि यंत्र कापडाखाली जातं. त्याऐवजी प्रत्येक पाच विद्यार्थ्यांमागे एक चांगला सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, मिथेनॉल आणि गिम्साचा रंग द्या. संकरित गाय १०५-१०६ ताप, सुजलेल्या गाठी आणि जड श्वास घेऊन उभी असते. गोचीड ताप असेल असं सगळेच म्हणतात, पण गोचिडीमुळे होणाऱ्या तापाचे जंतू वेगवेगळे असतात. त्या वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पातळ ओढायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये स्थिर करायचा, अर्धा-पाऊण तास रंगात ठेवायचा आणि मग बघायचं. गाठीतून सुईनं घेतलेल्या द्रवाच्या पट्टीवर थायलेरियाचे निळे ठिपके दिसले की बुपार्व्हाक्वोन हे औषध. तांबड्या पेशीत जोडीनं नाशपातीचा आकार दिसला की बबेशिया, औषध वेगळं. पेशीच्या कडेला गडद ठिपका दिसला की अ‍ॅनाप्लाझ्मा, त्याचं औषध आणखी वेगळं. हे न पाहता तिन्हींवरची औषधं एकदम टोचायची सवय गावोगाव पडली आहे. शेतकऱ्याचा खर्च तिप्पट होतो, आणि डॉक्टरला आपण नेमका कशावर इलाज केला ते कधीच कळत नाही. म्हणजे तो शिकतही नाही.

प्रतिजैविकांची हीच कथा. माणसांसाठी राखून ठेवावीत अशी औषधं कासदाहावर सरसकट वापरली जातात, आणि इंजेक्शननंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही. ज्यांचं दूध, मांस, अंडी माणसं खातात अशा जनावरांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. डायक्लोफिनॅकचा धडा तर आपल्याच भूमीतला आहे. जनावराला दिलेलं एक साधं वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये त्याच कारणानं केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही. मेलोक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय हाताशी आहे. औषधशास्त्राचा तास मी इथूनच सुरू करीन. आपल्या सुईतून गेलेलं औषध गायीपाशी थांबत नाही, हे पहिल्या दिवशी कळलं पाहिजे.

शवविच्छेदन हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित वर्ग आहे. आपल्या हवेत जनावर मेल्यावर काही तासांत आतली अंगं सडायला लागतात, म्हणून महाविद्यालयात ही सोय सुट्टीच्या दिवशीही उघडी हवी. कळपात रात्रीत चार शेळ्या मेल्या तर एक शेळी उघडून बघणं हे उरलेल्या चाळीस शेळ्यांचं औषध आहे. आंत्रविषार असेल तर मार्ग वेगळा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) असेल तर वेगळा. पण सुरी हातात देण्याआधी सुरी कधी उचलायची नाही तेही शिकवा. जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं आहे, अंग ताठलं नाही, अशा वेळी फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय घ्यायचा आणि ते जनावर उघडायचंच नाही. कानाच्या शिरेतून पट्टी घ्यायची, तपासायची, आणि खोल पुरून वर चुना. उघडलं तर जंतूंचे बीजाणू त्या जमिनीत कित्येक वर्षं टिकतात.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या जिवाबद्दल तर मला कळकळीनं सांगायचं आहे. गाय लाळ गाळते, घास गिळत नाही, आवाज बदललाय. मालक म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. हौशी मुलगा बाह्या सरसावतो आणि तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. ती गाय पिसाळलेली असू शकते. म्हणून पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच प्रत्येक विद्यार्थ्याला रेबीजची आगाऊ लस मिळाली पाहिजे : ० आणि ७ व्या दिवशी, आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. याचा खर्च महाविद्यालयानं करावा. ज्या संस्थेला हे परवडत नाही तिनं विद्यार्थ्यांना चिकित्सालयात पाठवू नये, असं मी बैठकीत म्हणत आलो आहे. दुसरा धोका ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जंतूचा. गर्भ पडलेल्या गायीची जार उघड्या हातानं काढणं हा आपल्याकडे वर्षानुवर्षं मर्दुमकीचा भाग समजला गेला. त्यातून पुन्हा पुन्हा येणारा ताप, सांधेदुखी, थकवा घेऊन जगणारे सहकारी मी पाहिले आहेत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी वासरांना टोचतात ती ब्रुसेलाची लसही जिवंत जंतूंची. तिची सुई स्वतःला टोचली तर माणसाला रोग होऊ शकतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे, चष्मा, सुया टाकायचा डबा हे सामान औषधांच्या आधी मागवा.

आता आंतरवासितेकडे येतो, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथं. नियमानं पूर्ण वर्ष दिलेलं आहे. एवढा वेळ नीट वापरला तर बाकी उणिवा बऱ्याच भरून निघतील. प्रत्यक्षात काय होतं? मुलगा गावच्या दवाखान्यात हजर होतो, तिथला पशुधन विकास अधिकारी लसीकरण, टॅगिंग, योजनांचे अर्ज आणि ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेला असतो. त्याला शिकवायला वेळ नाही, आणि शिकवण्याबद्दल त्याला कुणी विचारलंही नाही. मुलगा स्पर्धा परीक्षेचा किंवा पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करतो. शेवटच्या आठवड्यात नोंदवही भरली जाते. एका ठिकाणी परीक्षक म्हणून गेलो असताना एकाच शाईनं, एकाच बैठकीत लिहिलेल्या वर्षभराच्या नोंदी माझ्यासमोर आल्या, आणि त्यांवर सह्याही होत्या.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. दवाखाने निवडताना अंतर पाहू नका, तिथला माणूस पाहा. प्रत्येक जिल्ह्यात अशी पाच-दहा माणसं असतात, ज्यांच्याकडे रात्री दोन वाजताही अडलेली गाय सुटते. त्यांना शिक्षक म्हणून नेमणूकपत्र द्या, मानधन द्या, वर्षातून दोनदा महाविद्यालयात बोलवा, त्यांचं नाव पाटीवर लावा. मुलांना त्यांच्याकडेच पाठवा. हजेरीचे दिवस मोजण्याऐवजी कामं मोजा : इतक्या गाभ तपासण्या, इतकी कृत्रिम रेतनं, इतकी अडलेली वितं, इतक्या पट्ट्या, इतकी शवविच्छेदनं, आणि प्रत्येकापुढे पाहणाऱ्याची सही. शेवटी परीक्षा हातांची घ्या. दहा टेबलं मांडा, प्रत्येकावर एक काम आणि दहा मिनिटं. इथं शिरेत सुई घाल, इथं पट्टी वाचून सांग, इथं नमुन्यातल्या वासराचं मागे वळलेलं डोकं सरळ करून दाखव, इथं मालकाला समजावून सांग की गाय वाचणार नाही. सगळ्यांना तीच कामं, तोच तक्ता, तेच गुण. मौखिक परीक्षेत 'थायलेरियाचं वर्गीकरण सांगा' विचारून आपण फार काळ काढला.

याच मुलांनी कसोटीच्या वेळी काय केलं हेही सांगितलं पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टनंतर महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस घेऊन आंतरवासितेतली मुलं गावोगाव फिरली. अंगभर गाठी, सुजलेले पाय, झडलेल्या जखमा घेऊन उभ्या असलेल्या बैलांची त्यांनी दिवसचे दिवस मलमपट्टी केली. त्या काही महिन्यांत त्यांना जे आलं ते आधीच्या चार वर्षांत आलं नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं. साथ येण्याची वाट न बघता हाच अनुभव दर वर्षी देता येतो.

शिक्षकांबद्दल बोलताना मला अवघड वाटतं, पण बोललं पाहिजे. जागा रिकाम्या आहेत, एकेक माणूस दोन-तीन विषय ओढतो. त्यात बढती शोधनिबंधांवर मिळते. रात्री अकराला अडलेल्या म्हशीवर तीन तास घालवणाऱ्या शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत त्या रात्रीची नोंद कुठंच होत नाही. मग हुशार तरुण शिक्षक चिकित्सालय टाळतो, आणि त्याला दोष कसा द्यायचा? चिकित्सेच्या कामाला बढतीत वजन मिळालं पाहिजे, आणि चिकित्सा शिकवणाऱ्यानं नेमणुकीआधी किमान दोन वर्षं दवाखाना चालवलेला असावा. विद्यापीठाला हे एकट्यानं ठरवता येणार नाही, परिषदेपर्यंत न्यावं लागेल. पण तुमच्यासारख्या नव्या शिक्षकांनी विभागाच्या बैठकीत ते लेखी मांडायला सुरुवात करावी.

पदविकाधारकांकडे आपण प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. ते थांबलं पाहिजे. पशुधन पर्यवेक्षक आणि रेतन करणारी मुलं हीच बऱ्याच गावांत पहिली पोहोचतात. १९८४ च्या कायद्यातही, राज्य शासन ठरवेल त्या किरकोळ सेवा त्यांनी नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असं म्हटलं आहे. देखरेख कशी करायची हे मात्र आपण पदवीच्या मुलांना कधी शिकवतच नाही. बुळकांडी (रिंडरपेस्ट) ही गुरांची जीवघेणी साथ जगातून गेली याची घोषणा २०११ साली झाली. इथिओपियातला अफार प्रदेश आणि दक्षिण सुदान अशा दुर्गम, अशांत भागांत तिचा शेवट केला तो थंडपेटीशिवाय टिकणारी लस पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गुराखी समाजातल्या प्रशिक्षित लोकांनी. पशुवैद्यकांनी त्यांना शिकवलं, नोंदी तपासल्या, फेरतपासणी केली. पदवी आणि पदविकेच्या मुलांना निदान एक सत्र एकत्र गावात काम करायला लावा, पुढची बरीच भांडणं टळतील.

शेळ्या-मेंढ्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. देशात जवळपास १५ कोटी शेळ्या आहेत, त्या भूमिहीनांच्या आणि बायकांच्या हातात आहेत, आणि अभ्यासात त्यांना गायीच्या धड्याच्या शेवटी जागा मिळते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयानं उस्मानाबादी शेळीवर, पश्चिम महाराष्ट्रातल्यानं दख्खनी मेंढीवर आणि वाड्यासह फिरणाऱ्या धनगरांवर विद्यार्थी तयार करायला हवेत. कोंबडीपालनाचं शिक्षण उद्योगाच्या मदतीनं बरंच सुधारलं आहे, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. आणि शहरातल्या ज्या मुलांना कुत्र्या-मांजरांचं काम करायचं आहे त्यांना कमी लेखू नका. तेही सोपं काम नाही, आणि परळसारख्या ठिकाणी त्याला केसही भरपूर आहेत.

तिसरा पर्याय, आणखी महाविद्यालयं. जिथं फिरता दवाखाना चालवता येईल, शिक्षक मिळतील आणि चहूबाजूंनी जनावरं असतील तिथं जरूर काढावीत. इमारत आधी आणि शिक्षक नंतर, असं झालं की पहिल्या तीन-चार तुकड्या वाया जातात, आणि ती मुलं पुढे तीस वर्षं लोकांच्या गोठ्यात काम करतात.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाला एक गाडी, चालक, डिझेल आणि वर सांगितलेलं सामान एवढंच लागतं. जिल्हा नियोजन समितीकडे मागा, तालुक्याच्या दूध संघाकडे मागा. कासदाह कमी झाला तर दुधाची प्रत सुधारते, त्यामुळे संघाला त्यात स्वतःचं हित दिसतं. मंजुरी येईपर्यंतही थांबू नका. महाविद्यालयापासून पंधरा किलोमीटरच्या आतली तीन गावं निवडा, जिथं दूध संस्थेचा सचिव कामाचा माणूस आहे. संध्याकाळच्या धारेच्या आधी, चारच्या सुमारास आठ मुलं घेऊन पोहोचा, म्हणजे जनावरं दावणीला आणि माणसं घरी सापडतील. मुलींची तुकडी असेल तर आधी जाऊन स्वच्छतागृहाची सोय पाहून ठेवा. ती नाही म्हणून मुली दिवसभर पाणी न पिता काम करतात आणि कुणाला सांगत नाहीत. पहिल्या महिन्यात इलाजाची घाई करू नका : गायी मोजा, वितं विचारा, दूध तपासा, पट्ट्या काढा. नोंदवही दोन प्रतींत ठेवा, एक विभागात आणि एक दूध संस्थेच्या कपाटात. पुढच्या वर्षीची तुकडी त्या गावात गेली की तिला पहिल्या पानापासून सगळं तिथंच वाचायला मिळेल, आणि शेतकऱ्यालाही आपल्या गायीचं मागचं वर्ष हवं तेव्हा बघता येईल.